ढगाआडच्या चंद्राचा हिशेब

(आंबोली येथील स्मृती व्याख्यानमालेत कोजागरीच्या सुमारास दिलेले व्याख्यान)



चंद्रावर बोलायला आंबोलीइतकी अवघड जागा महाराष्ट्रात दुसरी नसेल. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणारे हे गाव. मृग लागला की इथला चंद्र जातो तो हस्त सरेपर्यंत परतत नाही. वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी पौर्णिमा आणि भाद्रपदातली पौर्णिमा अशा चार पौर्णिमा इथे धुक्यात उगवतात आणि धुक्यातच मावळतात. नंतर जो पहिला पूर्णचंद्र दिसतो तो कोजागरीचा. म्हणून कोजागरीचे कौतुक इथे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त असावे, असे मला वाटते.

पण आषाढातल्या संकष्टीला या गावातल्या बायका काय करतात, ते आठवून बघा. दिवसभराचा उपास असतो, चंद्र पाहिल्याशिवाय जेवायचे नसते आणि बाहेर तर हाताच्या अंतरावरचे दिसत नाही. मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली चंद्रोदयाची वेळ बघतात, घड्याळ बघतात. पडवीत उभे राहून पूर्वेकडच्या धुक्याला नमस्कार करतात आणि पाने वाढायला घेतात. ढगाआड चंद्र उगवला असेल ना, अशी शंका कुणालाही येत नाही. दिसत नसलेल्या चंद्रावर माणसांनी इतका बिनधोक विश्वास टाकावा, हा विश्वास कुणी आणि कसा कमावला, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. चंद्राचे सौंदर्य, त्याच्या कथा आणि त्याचे शास्त्र यांच्याकडे मी याच वाटेने जाणार आहे.

या कामात कोकणाचा वाटा मोठा आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे इ. स. 1520 मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिला. ग्रहगणितातला ज्या-चापांचा किचकट भाग त्यांनी टाळला आणि साध्या गुणाकार-भागाकाराने चंद्र-सूर्याची स्थाने काढता येतील अशी रीत बसवली. पुढे कित्येक पिढ्या महाराष्ट्रातली पंचांगे या ग्रंथावरून तयार झाली. गावातल्या जोश्याला आकाश दिसो न दिसो, पाटी आणि खडू असला की तिथी निघत असे. किनाऱ्यावरच्या माणसाने ही सोय करून ठेवावी, यात मला औचित्य दिसते, कारण चार महिने आभाळ झाकलेले असताना चंद्राचा हिशेब चुकला तर त्याची झळ सर्वांत आधी किनाऱ्यालाच लागते.

हा हिशेब मालवण-वेंगुर्ल्याचा जाणता मच्छीमार आजही तोंडी करतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला पूर्ण भरती. दिवसाही तीच वेळ आणि रात्रीही साधारण तीच. बंदराबंदरात थोडा फरक पडतो, पण होडी बाहेर काढायची की नाही एवढे ठरवायला हे गणित पुरते.

हे गणित जुळते कसे, ते पाहू. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. तीस तिथी म्हणजे तीनशे साठ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा बारा अंशांना 48 मिनिटे. दर तिथीला चंद्र 48 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही तेवढीच मागे पडते. मच्छीमाराने 48 ऐवजी पाऊण तास धरला, कारण पाऊणकी त्याला पाठ होती. तिथीमागे तीन मिनिटे कमी पडतात आणि पंधराव्या तिथीपर्यंत ही तूट बरोबर पाऊण तासावर जाते. पण पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, त्यामुळे चूक पुढच्या पक्षात जात नाही. दर पंधरवड्याला आपली चूक आपणच पुसून टाकणारी ही रीत ज्यांनी बसवली, त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. माझ्या लेखी ते गणेश दैवज्ञांच्याच पंगतीतले.

घाटमाथ्यावरच्या आंबोलीला भरतीशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल बेळगावला जायचा तो याच घाटाने. गलबत कधी लागणार हे भरतीवर, आणि गाड्या कधी चढणार हे गलबतावर. घाट चढणाऱ्या बैलांच्या वेळापत्रकातही चंद्राचा हात होता.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांग, म्हणजे कमी जोराची भरती. सूर्याची भरती उठवण्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी भरते, म्हणून बेरीज-वजाबाकीचा हा खेळ किनाऱ्यावर नुसत्या डोळ्यांनीही कळतो. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरात वाजतगाजत दर्याला नारळ देतात. तो दिवस उधाणाच्या दिवसांतला. दर्याला शांत हो म्हणण्यासाठी आपल्या लोकांनी नेमका त्याच्या जोराचाच दिवस निवडला, हे मला नेहमी विलक्षण वाटते. समुद्र जवळून माहीत असलेल्यांचे हे मागणे आहे.

चवथीच्या चंद्राची कथा तुम्हाला मी सांगायला नको. गणपतीला पाहून चंद्र हसला, गणपतीने शाप दिला, आणि त्या रात्री चंद्र पाहिल्यामुळे श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला. सिंधुदुर्गात चवथ हा वर्षाचा सण. दरवर्षी त्या रात्री चंद्राकडे पाहायचे नाही म्हणून माना खाली घालायच्या. आंबोलीत बहुधा ढगच ही काळजी घेतात. दुसरी कथा दक्षाची. सत्तावीस मुली त्याने चंद्राला दिल्या, चंद्र रोहिणीवरच जीव टाकू लागला आणि दक्षाच्या शापाने झिजत गेला. या कथेत एक खरेखुरे निरीक्षण आहे. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत सगळ्या नक्षत्रांतून फिरून येतो, रोज एका घरी, आणि दर फेरीत त्याचे रूप घटते-वाढते. मात्र एक सांगतो. आपल्या पूर्वजांना सगळे विज्ञान ठाऊक होते असा शेरा अशा कथांवर मारू नका. कथा रचणाऱ्याने आकाश नीट पाहिले होते, एवढे श्रेय त्याला द्या. ते काही थोडे नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या एका कथेकडे येतो, कारण लोकांची आठवण आणि नोंदलेला इतिहास यांची गाठ कशी पडते ते तिथे स्वच्छ दिसते. विजयदुर्ग किल्ल्यावर काही ओटे आहेत, त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. त्या तारखेला विजयदुर्गावर हेलियम दिवसही साजरा होतो.

त्या दिवशी चंद्राची सावली या किनाऱ्यावरून पूर्वेला गेली, हे खरे. पण ऑगस्टातले कोकणचे आभाळ तुम्ही जाणता. फ्रान्सचा शास्त्रज्ञ जान्सेन आपली साधने घेऊन बसला होता तो पार गुंटूरला, आणि तिथे त्याला सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट मिळाला. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, त्याने तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यात एक पिवळी रेषा होती आणि ती सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती. पुढे हा नव्या मूलद्रव्याचा पुरावा ठरला. पृथ्वीवर हेलियम सापडायला 1895 साल उजाडले.

मग ओटे कुणाचे? श्रोतेहो, लॉकियर विजयदुर्गाला आला होता. तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश आरमाराच्या ‘मेलपोमिनी’ जहाजावरचे खलाशी त्याच्या मदतीला होते, आणि विजयदुर्गाच्या या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. जानेवारीचे निरभ्र आभाळ, समोर खाडी, किल्ल्याचा तट, यापेक्षा चांगली जागा त्याला कुठे मिळाली असती? त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून होते. म्हणजे गावाने साहेबाला पाहिले ते खोटे नाही. ग्रहण पाहिले तेही खोटे नाही. दोन ग्रहणे आठवणीत एक झाली, इतकेच. हेलियम दिवस जरूर साजरा करा, पण मुलांना दोन्ही तारखा सांगा. 1898 ची हकीकत 1868 च्या कथेपेक्षा कमी रंगतदार नाही, आणि ती पूर्णपणे आपली आहे.

खग्रास ग्रहण होते ते एका योगायोगाने. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आणि सुमारे चारशे पट दूर, म्हणून आकाशात दोघे सारखेच, अर्धा-अर्धा अंश दिसतात. हात लांब करून करंगळीचे टोक धरा, चंद्र त्याखाली झाकून जाईल. शेजारच्या चौकुळच्या बाजूने झाडांमागून वर येणारा चंद्र परातीएवढा वाटतो ना, तेव्हाही करंगळी धरून बघा. तो तेवढाच असतो. मोठेपण आपल्या नजरेतले.

पण हा योगायोग कायमचा नाही. अपोलो मोहिमांतल्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांच्यावर पृथ्वीवरून लेसरचा किरण सोडून परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. त्यावरून चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटरने दूर जातो आहे हे कळले. कारण आहे भरती. फिरणाऱ्या पृथ्वीबरोबर भरतीचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो, पृथ्वीची गिरकी अगदी सावकाश मंदावते आणि ती गती चंद्राच्या वाट्याला जाऊन त्याची कक्षा रुंदावते. या कामात जगातल्या सगळ्या समुद्रांचा हातभार आहे, आपल्या देवबागच्या आणि शिरोड्याच्या किनाऱ्यांवर चढणाऱ्या पाण्याचाही. साठेक कोटी वर्षांनी चंद्र इतका दूर गेलेला असेल की त्याला सूर्य पुरता झाकता येणार नाही.

आता चंद्रावरचा ससा. जातककथेतल्या सशाने भुकेल्या पाहुण्यासाठी आगीत उडी घेतली आणि शक्राने त्याचे चित्र चंद्रावर काढले. चीनमध्ये तिथे ससाच दिसतो, मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेकांनाही तिथे ससाच दिसला. चीनने 2013 मध्ये चंद्रावर उतरवलेल्या गाडीचे नाव त्यांच्या त्या कथेतल्या सशावरूनच ठेवले. सशाचे डोके ज्या काळ्या डागाचे, त्याला शास्त्रज्ञ शांतिसागर म्हणतात. 1969 मध्ये नील आर्मस्ट्राँग उतरला तो याच शांतिसागरावर. तिथून आणलेले दगड तपासले तेव्हा ते बेसाल्ट निघाले.

बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण, सह्याद्रीचा. आपल्या पायाखालचा डोंगर त्याच जातीच्या लाव्हाचा आहे. दोघांच्या वयात फरक मात्र प्रचंड. सशाचा लाव्हा तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वीचा, दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. चंद्रावरचा दगड पाणी आणि हवा नसल्याने उल्कांनी केलेल्या चुऱ्याखाली तसाच पडून आहे. इथल्या दगडाला पाऊस भेटला. हजारो-लाखो पावसाळ्यांनी त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिले, आणि वर जांभ्याचा सडा तयार झाला. त्या सड्यावरच्या डबक्यांत पहिल्या पावसात एक इवलासा बेडूक अंडी घालतो. 2009 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि तो आंबोली टोड म्हणून ओळखला जातो. आंबोली परिसराबाहेर तो जवळजवळ कुठेच सापडत नाही. एकाच जातीच्या दगडाला पाणी मिळाले तर काय होते आणि न मिळाले तर काय होते, हे पाहायला पौर्णिमेच्या रात्री कावळेसादच्या सड्यावर उभे राहावे. एक दगड पायाखाली, दुसरा डोक्यावर.

चंद्राचा पांढरा भाग निराळ्या खडकाचा, अ‍ॅनॉर्थोसाइटचा. चंद्र कोवळा असताना त्याचा पृष्ठभाग वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलके खनिज वर तरंगून त्याची साय धरली, असे मानतात. आपले चांद्रयान-3 दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले, तेव्हा त्यातल्या ‘प्रज्ञान’ या गाडीने तिथली माती तपासली आणि तिचे घटक या कल्पनेशी जुळले. ते यान उतरले 23 ऑगस्ट 2023 ला, श्रावण शुद्ध सप्तमीच्या संध्याकाळी. उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य उगवलेला हवा होता, म्हणजे सौरपट्ट्यांना चंद्रावरचा अख्खा दिवस, आपले चौदा दिवस, ऊन मिळणार होते. चंद्रावर सूर्य कुठे उगवतो आहे, हे शुक्ल पक्षात दर संध्याकाळी कोरीच्या कडेवर आपल्याला दिसतेच. त्यालाच आपण तिथी म्हणतो.

सौंदर्याकडे येतो. चंद्र मुळात काळसर आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी सरासरी बारा टक्क्यांच्या आसपास परततो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. काळ्या आकाशात ऐन उन्हात पडलेला हा काळसर दगड आपल्याला रुपेरी दिसतो. अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा असावा असे वाटते, पण तो एक-दशांशाच्या आसपास असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतो, तिथल्या प्रत्येक कणाची सावली त्या कणाच्याच आड जाते, आणि सगळा पृष्ठभाग एकदम उजळतो. पौर्णिमेचे चांदणे अचानक पडल्यासारखे वाटते ते यामुळे.

तरीही पूर्णचंद्राचा उजेड उन्हाच्या चार लाखांश. मोजायला गेलो तर पाव लक्सच्या आत. कोजागरीच्या दुधात या चांदण्याने काही औषधी गुण येत नाहीत. दूध आटेपर्यंत माणसे त्या रात्री उघड्यावर एकत्र बसतात, दाराला नव्या भाताच्या लोंब्यांचे आणि आंब्याच्या पानांचे ‘नवे’ बांधलेले असते, एवढे मला पुरते.

चार महिने वाट पाहून मिळणारे हे चांदणे गेल्या काही वर्षांत इथून नाहीसे होते आहे, आणि हे मी कळवळून सांगतो. रस्त्यावरच्या एका एलईडी दिव्याखाली दहा-वीस लक्स उजेड सहज असतो, पौर्णिमेच्या पन्नास-शंभर पट. हॉटेलांच्या गच्च्यांवरचे आणि झाडांवर खालून मारलेले झोत वर धुक्याला लागतात आणि अख्खे धुके पांढरे होते. इथले बेडूक, पतंग आणि साप अंधारावर जगतात, तेही यात होरपळतात. दिव्याला वरून टोपण बसवणे, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा लावणे आणि रात्री दहानंतर शोभेचे झोत विझवणे याला फार पैसे लागत नाहीत.

दिवाळीत एक गोष्ट मात्र नक्की करा. भाऊबीजेला, जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. कार्तिक शुद्ध द्वितीयेचा तो चंद्र सूर्यास्तानंतर तासाभराच्या आगेमागे मावळतो, त्यामुळे ताट वेळेवर तयार हवे. महादेवगडाच्या बाजूला पश्चिम मोकळी आहे. नीट पाहिले तर कोरीच्या कुशीत चंद्राचा उरलेला गोलही राखाडी उजेडात दिसेल. तो उजेड पृथ्वीचा. त्या वेळी आफ्रिकेवर आणि अटलांटिकवर भर दिवस असतो, तिथले ढग ऊन परतवतात, ते चंद्रावर पडते आणि तिथून आपल्याकडे येते. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर वेधशाळेने 1998 पासून सुमारे वीस वर्षे हाच राखाडी उजेड मोजला आणि पृथ्वी आता पूर्वीपेक्षा किंचित कमी ऊन परतवते, हे त्यावरून दाखवले. ज्या चंद्राला आपली बहीण भाऊ मानून ओवाळते, त्याच्या चेहऱ्यावर पृथ्वीची तब्येत वाचता येते.

शेवटी एक विनंती. 31 डिसेंबर 2028 च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. साधारण पावणेदहा ते अकरा या वेळात पूर्ण चंद्र पृथ्वीच्या सावलीत असेल, आकाशात चांगला वर आलेला, आणि थंडीतले आभाळ असल्यामुळे आंबोलीतून दिसण्याची शक्यता मोठी. जगभरच्या सगळ्या संध्याकाळींचा आणि पहाटेंचा तांबूस उजेड आपल्या वातावरणातून वळून त्या वेळी चंद्रावर पडतो. पण ती वर्षअखेरची रात्र. गाव पाहुण्यांनी भरलेले असेल, झोत आणि फटाके असतील. ग्रामपंचायतीने आणि हॉटेलवाल्यांनी आतापासून ठरवून तो सव्वा तास गावातले बाहेरचे दिवे बंद ठेवावेत, आणि पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवावे. शाळेच्या मैदानावर दुर्बीण लावायची आणि रांग सांभाळायची जबाबदारी मी घेतो. दिव्यांचे कोण बघणार, त्यांनी आज सभा संपल्यावर थांबावे.